उजव्या हाताचे दान

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात पासली हे गाव आहे. त्याच मुलखातील तोरणा किल्ल्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ती खोदणाऱ्या पाथरवटांची नावे कोणी विचारीत नाही. तहानलेला मनुष्य पाणी पितो आणि पुढे चालू लागतो. उलट हल्ली शाळेची एखादी खोली बांधावयाची झाली, तर दात्याच्या नावाची फरशी आधी घडविली जाते. सत्कर्म करणाऱ्याने मान व मोबदला यांची इच्छा धरावी काय, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह होय. बायबलने त्यास दिलेले उत्तर वरवर वाटते तितके सोपे नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू, कर्णा वाजवून दान करणाऱ्यांविषयी बोलतो. त्यांना त्यांचे फळ मिळून चुकले, असा त्याचा अभिप्राय आहे. मूळ ग्रीक ग्रंथात या ठिकाणी जे क्रियापद आले आहे, ते त्या काळी पैशाच्या पावत्यांवर लिहिले जात असे. रक्कम पुरती पावली, खाते मिटले! लोकांची वाहवा हवी होती, ती पदरात पडली. आता देवाकडे काही येणे उरले नाही. याकरिताच उजव्या हाताचे दान डाव्या हातासही कळू देऊ नये, असा उपदेश त्याने केला.

परंतु त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात, सत्कर्मांचा प्रकाश लोकांसमोर पडावा, असेही सांगितले आहे. ही विसंगती नव्हे काय? बारकाईने पाहिल्यास तसे वाटत नाही. प्रकाश पाहून लोकांनी स्वर्गीय पित्याचे गुणगान करावे, एवढाच तेथील हेतू आहे. दिव्याचे कौतुक व्हावे हा नव्हे. शिवाय येशू फळ मुळीच नाकारीत नाही. गीता फळाची आसक्ती सोडावयास सांगते. येशू ते फळ माणसांकडून न मागता, गुप्तपणे पाहणाऱ्या पित्यावर सोपवावयास सांगतो. आणि पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दिवशी तर, आपण राजाला अन्न केव्हा दिले, हे धार्मिकांना आठवतही नाही.

या शिकवणीची कसोटी पुणे जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकास, केडगाव येथे लागली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून अनेक निराधार मुली आणल्या आणि केडगावास मुक्तिसदन वाढीस लागले. या कार्यास पैसा परदेशातून येई; बोस्टन येथे १८८७ मध्येच त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले होते. मौन पाळून शेकडो मुलींच्या मुखी घास पडता ना. कार्य लोकांपुढे मांडणे, अहवाल देणे बाईंना भागच होते.

मग त्यांनी कर्णा वाजविला, असे म्हणावे काय? नाही. हिशेब हा देणाऱ्याचा हक्क असतो. कीर्ती ही करणाऱ्याची हाव असते. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. तथापि त्यांच्या उत्तरायुष्यातील मोठा उद्योग निराळाच होता. हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी मृत्यूपूर्वी तडीस नेले. उजव्या हाताच्या दानाचा तो उपदेशही त्या भाषांतरात त्यांनी स्वतःच्या शब्दांत उतरविला.

दान उघड असावे की गुप्त, याचा निर्णय केवळ देणाऱ्याच्या मनाकडे पाहून होत नाही. घेणाऱ्याकडेही पाहावे लागते. ज्या खोलीत मूल रोज बसते, तेथील भिंत त्याला प्रत्यही आपल्या उपकाराची आठवण देत असेल, तर त्या मुलाने शिक्षणाचे मोल मान तुकवून भरलेच म्हणावयाचे. भिंत उभी राहावी, हिशेब चोख राहावा, आणि मुलाला मात्र ती खोली आपलीच वाटावी. तोरण्यावरील टाक्याचे पाणी पिताना कोणासही संकोच वाटत नाही, तो याच कारणाने.