गाडी तिकडे, गावे इकडे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा मालांतून राज्य, समाज, धर्म, अर्थकारण अशा थोर विषयांचा ऊहापोह होत आला आहे. माझा विषय त्या मानाने अगदीच लहान आहे. आगगाडीच्या डब्यात दारावर जी स्टेशनांची पट्टी लावलेली असते, ती कोणत्या तोंडाने लावावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. विषय वीतभर रुंदीचा आहे. पण त्याच्यापायी एक माणूस प्रवासाला मुकले आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

आज सकाळी मी सांगलीहून आपल्या गावी आलो. भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, कराड, मसूर, रहिमतपूर, कोरेगाव आणि मग सातारा, हा क्रम आपल्यापैकी पुष्कळांना पाढ्यासारखा पाठ असेल. या वाटेवर कोणाला पट्टी लागत नाही. डोळा लागला तरी शेजारचा उतारू हलवून म्हणतो, "अहो, कोरेगाव गेलं, आवरा आता." आपल्या मुलखात माणूस हीच पट्टी असते. पण आपली मुले आता पुण्या-मुंबईला राहतात आणि आपण त्यांच्याकडे जातो. पुण्यात ६ मार्च २०२२ पासून मेट्रो धावू लागली. मुंबईत ती त्याआधीच, २०१४ साली, सुरू झाली होती. दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन येते, दार अर्धा मिनिटही उघडे राहत नाही, आणि शेजारचा उतारू कानांत बोंडे घालून गाणी ऐकत असतो. तिथे माणसाची जागा पट्टीने घ्यावी, अशी अपेक्षा असते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला आक्का म्हणतो, घेऊन मी एका मोठ्या शहरात गेलो होतो. शहराचे नाव सांगत नाही. आक्का सत्तरी ओलांडलेली. पण सांगलीच्या बाजारात भाजीवाल्याला हिशेबात हरवणारी बाई. मेट्रोत भिंतीला पाठ लावून बसण्याची लांब बाके असतात. आम्ही बसलो, आणि समोरच्या दारावर पट्टी होती. तीवर डावीकडून उजवीकडे स्टेशनांची नावे ओळीने लिहिलेली. आक्काने आमचे स्टेशन शोधले. ते पट्टीच्या उजव्या अंगाला होते. गाडी मात्र तिच्या डोळ्यांसमोर डावीकडे धावत होती. तिने सरळ हिशेब केला: आपण डावीकडे चाललो, स्टेशन उजवीकडे राहिले, म्हणजे ते मागे पडले! "अरे, आपलं गेलं की!" म्हणत ती उठली, गाडी थांबली होती, दार उघडे होते, ती उतरली. मी पिशव्या उचलीपर्यंत दार मिटले. ती फलाटावर, मी आत.

पुढच्या स्टेशनावर उतरून मी उलट गाडीने परत आलो. ती दहा-बारा मिनिटे मी विसरणार नाही. आक्का एका खांबाला टेकून उभी होती. रडली नाही, रागावलीही नाही. एवढेच म्हणाली, "गाडी तिकडं चाललेली, मग गावं इकडं कशी?"

मंडळी, मी त्या वेळी तिला "तुला नकाशा वाचता येत नाही" असे म्हणालो. आज त्याची लाज वाटते. कारण नंतर विचार केला, तेव्हा चूक तिची नव्हतीच, असे दिसून आले.

आपण इथल्या इथे प्रयोग करू. समजा, हे सभागृह म्हणजे डबा. मी उभा आहे ते व्यासपीठ म्हणजे इंजिनाची बाजू. गाडी सांगलीला निघाली आहे. तेव्हा सांगली माझ्या पाठीशी आणि पुणे तुमच्या मागच्या दाराकडे. आता आपल्या उजव्या भिंतीकडे तोंड करा. व्यासपीठ कोणत्या हाताला आले? डाव्या. आता डाव्या भिंतीकडे वळा. व्यासपीठ उजव्या हाताला गेले. म्हणजे डाव्या भिंतीवर 'पुणे, सातारा, कराड, सांगली' अशी डावीकडून उजवीकडे पट्टी लावली, तर ती गाडीबरोबर चालते. तीच पट्टी उजव्या भिंतीवर लावली, तर गाडी एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे. आक्का उजव्या भिंतीकडे तोंड करून बसली होती, एवढाच तिचा अपराध.

उपाय यातूनच निघतो. दोन्ही भिंतींना एकाच छापाची पट्टी लावू नये. उजव्या भिंतीची पट्टी उलट्या क्रमाने लिहावी: 'सांगली, कराड, सातारा, पुणे'. कोणी विचारील, परतीच्या प्रवासात काय? तर गंमत अशी, की परतीतही हीच मांडणी बरोबर ठरते. मेट्रोची गाडी टोकाला गेली म्हणजे बैलगाडीसारखी वळून येत नाही; चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी तशीच उलटी निघते. जी भिंत सकाळी पूर्वेला होती ती संध्याकाळीही पूर्वेलाच असते. तेव्हा पट्टीवर सांगली ज्या हाताला लिहिली, त्याच हाताला खरी सांगलीही राहते, मग गाडी येवो वा जावो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. मग उलटा क्रम कोण वाचणार? पण अक्षरे कोणी उलटी करा म्हणत नाही. 'सातारा' हे नाव डावीकडूनच वाचावयाचे आहे. फक्त नावांच्या जागा बदलायच्या. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. घरी जो नकाशा पाहून माणूस निघतो त्यात क्रम एक, आणि डब्याच्या एका भिंतीवर दुसरा. तेव्हा ज्याला नकाशा पाठ आहे तो क्षणभर गोंधळेल. हे मला मान्य आहे. पण ज्याला नकाशा पाठ आहे त्याला पट्टीची गरज थोडी. पट्टी आहे ती नवख्यासाठी, वृद्धासाठी, आणि विचारण्याचा संकोच वाटतो त्याच्यासाठी.

या पट्टीचा पूर्वजही पाहण्यासारखा आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक नावाच्या आरेखकाने १९३१ साली तयार केला आणि तो १९३३ साली लोकांच्या हाती आला. जमिनीखालून जाणाऱ्याला वरची वळणे आणि अंतरे घेऊन काय करावयाचे, असा त्याचा विचार. त्याने रेषा सरळ केल्या, अंतरे सोडून दिली आणि क्रम व गाडी बदलण्याची ठिकाणे तेवढी ठेवली. आपली पट्टी तर त्याहून काटकसरी. तिच्यात क्रमाशिवाय जवळजवळ काहीच उरलेले नसते. ज्या वस्तूकडे एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, तिने तीच उलटी सांगावी, हे कसे चालेल? पुढे १९८२ साली मार्व्हिन लेव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'आपण येथे आहात' असे दाखविणाऱ्या भिंतीवरच्या नकाशांविषयी लिहिताना हेच तत्त्व मांडले: नकाशा आणि समोरची जमीन यांची तोंडे जुळली पाहिजेत, नाहीतर माणसे वाट चुकतात.

पण त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातून, लोणंद-फलटणवरून, ज्ञानेश्वर माउलींची पालखी जाते. दिंड्यांची ओळख कशी सांगतात? 'रथापुढे' अमुक क्रमांक, 'रथामागे' अमुक क्रमांक. पूर्व-पश्चिम नाही, डावे-उजवे नाही. लाखोंच्या गर्दीत चुकलेल्या म्हातारीला रथ कोठे आहे हे समजले, की तिची दिंडी सापडते. चालणाऱ्याला पुढे आणि मागे या दोनच दिशा खऱ्या, हे वारकऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

मात्र हा उपाय सगळीकडे लागू पडेल असे मी म्हणत नाही. आपल्या मार्गावरची गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस घ्या. ती दौंडकडून पुण्यात शिरते आणि मिरजेची वाट पुणे स्टेशनच्या त्याच अंगाला फुटत असल्यामुळे, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलटी निघते. पुण्यापर्यंत पुढे तोंड करून बसलेला उतारू तिथून साताऱ्यापर्यंत पाठमोरा येतो. अशा गाडीत आडवी पट्टी कशीही लावली तरी अर्ध्या वाटेत खोटी पडणार. तिथे उभी यादी लावावी: वर निघण्याचे गाव, खाली पोचण्याचे. तिला डावे-उजवे नाही, म्हणून ती खोटी पडत नाही. आणि जिथे विजेचा पडदा आहे तिथे तर काहीच अडचण नसावी. गाडी कोणीकडे चालली हे यंत्राला ठाऊक असते, तेव्हा प्रत्येक भिंतीवरचा क्रम त्याप्रमाणे फिरविता येतो.

तात्पर्य, मागणी एवढीच: ये-जा करणाऱ्या गाडीत दोन भिंतींना दोन छाप, तोंड फिरविणाऱ्या गाडीत उभी यादी, पडद्यावर गाडीच्या दिशेने सरकणारी नावे. खर्च म्हणाल तर छापखान्यातील एका जादा ठशाचा.

आक्का त्यानंतर त्या शहरात एकटी गेलेली नाही. नातवाच्या मुंजीलासुद्धा कोणीतरी न्यायला येईपर्यंत ती थांबून राहिली. "मला आता एकटीला नाही जमायचं," म्हणते. जमत होते हो तिला! तिने गाडी कोणीकडे चालली आहे हे आमच्या सगळ्यांपेक्षा नीट पाहिले होते. आपल्यापैकी जे कोणी नगरपालिकेत, रेल्वेच्या उतारू समितीत किंवा कारखान्याच्या आरेखन विभागात असतील, त्यांनी पुढच्या वेळी अशी पट्टी दिसली तर भिंतीसमोर उभे राहून एकदा पाहावे: गाडी तिकडे चालली असताना गावे इकडे तर नाहीत ना?