गळालेले शिंग कोणाचे?

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात वसतिगृहाच्या अधीक्षकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी मुलांची संख्या, परीक्षेचे निकाल आणि जमाखर्च सांगत असतो. यंदा तो अहवाल छापून आपल्या हाती दिला आहे. म्हणून मला मिळालेल्या वेळात मी सांबराच्या शिंगाविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. पण या शिंगापायी आपल्या एका मुलाचे वडील कोठडीत जाऊन आले, आणि त्यात काही दोष माझाही आहे.

आपल्यापैकी जे मेळघाटात येऊन गेले, त्यांना वसतिगृहाच्या कार्यालयात भिंतीवर लावलेले शिंग आठवत असेल. काही वर्षांपूर्वी एका कोरकू मुलाने सुट्टीवरून येताना ते माझ्यासाठी आणले. "गुरुजी, रानात पडलं होतं," तो म्हणाला. मी कौतुकाने खिळा ठोकून ते टांगले. पाहुणे आले की त्याच्याखाली उभे राहून फोटो काढत.

त्या मुलाचे म्हणणे खरे होते. आपण मराठीत सगळ्यांनाच शिंगे म्हणतो, पण त्यांत फरक आहे. गाय, बकरी, काळवीट, रानगवा यांचे शिंग म्हणजे आत हाड आणि वर नखासारख्या पदार्थाचे टोपण. ते जन्मभर राहते. मोडले तर पुन्हा तसे येत नाही. सांबर, चितळ, भेकर यांचे शिंग मात्र सबंध हाडाचे असते, ते फक्त नराला येते, गळून पडते आणि पुन्हा नवे उगवते. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगे असलेला प्राणी म्हणजे उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातला रेनडिअर.

नवे शिंग येते तेव्हा त्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. त्या दिवसांत शिंग ऊबदार आणि नाजूक असते. वाढ इतकी झपाट्याने होते की नुसत्या चाऱ्यातला चुना पुरत नाही, नर आपल्या बरगड्यांसारख्या हाडांतूनही तो काढून घेतो. पुढे शिंग टणक होते, कातडी वाळते आणि नर झाडाच्या खोडावर घासून ती काढून टाकतो. मग माजाच्या काळात ही शिंगे झुंजीला कामी येतात. तो काळ संपला की नराच्या शरीरातला संप्रेरकाचा जोर ओसरतो, शिंगाच्या बुंध्याजवळचे हाड आतून पोखरले जाते आणि शिंग आपोआप गळते. मुले फाटे मोजून सांबराचे वय सांगतात, पण ते बरोबर नाही. सांबराच्या शिंगाला साधारणतः तीनच टोके असतात. शिंग किती मोठे होईल हे वयाबरोबर खाणे आणि प्रकृती यांवरही ठरते.

आपल्याकडे सांबरांची शिंगे बहुतेक मार्च-एप्रिलच्या सुमारास गळतात. याच दिवसांत मोहाची फुले पडतात. आमची माणसे पहाटे टोपल्या घेऊन मोह वेचायला रानात जातात, आणि सांबरही तीच फुले खायला येतात. तेव्हा मोहाखाली शिंग सापडणे यात नवल नाही. त्यासाठी कोणी जनावर मारलेले नसते.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या सातवीतल्या एका मुलाच्या वडिलांना अशीच दोन शिंगे सापडली. घरात बाई आजारी होती, औषधाला पैसा हवा होता. आठवडी बाजारात एक फिरता व्यापारी अशी शिंगे घेतो, हे त्यांनी ऐकले होते. बाजाराच्या वाटेवरच ते पकडले गेले. व्यापारी कोण हे कोणालाच सांगता आले नाही.

मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते मला म्हणाले, "गुरुजी, तुमच्या भिंतीवर आहे ना? मला वाटलं, गुरुजी ठेवतात म्हणजे चालतं."

बंधुभगिनींनो, याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असे शिंग, गळालेले असले तरी, सरकारची मालमत्ता ठरते. ते हाती आले तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याकडे कळवावे लागते. परवानगीशिवाय ते ठेवता येत नाही, देता येत नाही, विकता तर येतच नाही. मला आधी हा कायदा अन्यायाचा वाटला. पण त्यामागचे कारण खरे आहे. गळालेल्या शिंगाचा बुंधा गोल कडेचा असतो, मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचे हाड चिकटलेले असते. सबंध शिंगात हे ओळखता येते. एकदा त्याचे तुकडे केले की गळालेले कोणते आणि मारून काढलेले कोणते, हे कोण सांगणार? एकाला बाजार खुला केला की दुसऱ्यालाही होतो. शिवाय रानात पडलेले शिंग वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडून खाते, त्यातला चुना त्याच्या अंगी लागतो.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचे शिंग उतरवले, सगळी हकीकत लिहून काढली आणि ते वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिले. जाताना पाय जड झाले होते, हे कबूल करतो. तिथे माझा जबाब घेतला, पंचनामा झाला. भिंतीवर आता खिळा तेवढा उरला आहे. तो मी मुद्दाम काढलेला नाही.

त्या मुलाचे वडील जामिनावर सुटले आहेत. खटला चालू आहे. प्रत्येक तारखेला त्यांची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे लागते. वकिलाची फी आणि हे भाडे आपल्या मदतनिधीतून दिले आहे; अहवालात ती रक्कम वेगळी दाखवली आहे, कृपया पाहावी. मुलगा मध्ये महिनाभर आला नव्हता. आता परत आला आहे.

यंदापासून मोहाच्या हंगामापूर्वी आम्ही पालकांची सभा घेऊन हा कायदा सोप्या भाषेत, कोरकूतून सांगणार आहोत. आजवर आम्ही त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, पण त्यांच्या रानात कोणता नियम लागू आहे हे सांगितले नाही.

आपल्याकडेही माझे एक मागणे आहे. व्यापारी शिंग घेतो, कारण पुढे कोणी तरी ते विकत घेते. सुऱ्यांच्या मुठी होतात, दिवाणखान्यात शोभा होते. आपल्यापैकी कित्येकांच्या आजीच्या बटव्यात सांबरशिंगाचा तुकडा असायचा. सर्दी झालेल्या बाळाला सहाणेवर उगाळून त्याचा लेप लावत. ते विकत मागू नका. आमच्या गावी आलात आणि कोणी प्रेमाने शिंग पुढे केले, तर हात जोडून नको म्हणा. पूर्वी कोणी आमच्याकडून नेले असेल, तर मला सांगा. ते परत कसे द्यायचे ते आपण मिळून पाहू. मी बरोबर येईन.

आणि त्या कुटुंबाची प्रार्थनेत आठवण ठेवा.