तीन हेन्री आणि एक सुरी

1574 साली फ्रान्सच्या गादीवर आलेला तिसरा हेन्री त्याआधी पोलंडचा राजा होता. भाऊ वारल्याचं कळताच तो क्राकोहून रातोरात निसटला. घरी वाट पाहत होतं ते कॅथलिक आणि ह्यूगेनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट, यांचं यादवी युद्ध.

राजा स्वतः कॅथलिक, पण मूलबाळ नाही. वारस ठरत होता नव्हारचा हेन्री, तो प्रोटेस्टंट. त्यामुळे कट्टर कॅथलिकांची ‘लीग’ खवळली. तिचा पुढारी गीझचा ड्यूक, त्याचंही नाव हेन्रीच! मे 1588 मध्ये पॅरिसकरांनी रस्ते अडवले आणि राजाला राजधानी सोडावी लागली. डिसेंबरात त्याने ब्लोआच्या राजवाड्यात गीझला बोलावून आपल्या अंगरक्षकांकरवी ठार केलं. काटा निघाला, पण अर्धा फ्रान्स उलटला. मग राजाने हात मिळवला तो नव्हारच्या हेन्रीशी, आणि दोघांनी पॅरिसला वेढा घातला.

1 ऑगस्ट 1589. सँ-क्लूच्या मुक्कामी झाक क्लेमां नावाचा तरुण डॉमिनिकन साधू पत्रं घेऊन आला. राजा तेव्हा शौचासनावर बसला होता. दरबारात त्या काळी याचं कुणाला नवल नसे. गुप्त निरोपाचं निमित्त करून तो जवळ गेला आणि त्याने राजाच्या पोटात सुरी खुपसली. पहारेकऱ्यांनी त्याला जागीच मारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे राजा गेला, आणि 1328 पासूनचं व्हाल्वा घराणं संपलं.

नव्हारचा हेन्री गादीवर आला. 1610 साली त्याचाही सुरीनेच खून झाला.