शिकवणी लावण्याआधी

मुलगी तिसरीत. चेन्नईत तिच्यासाठी शिकवणी शोधत होतो. तमिळनाडूत नावामागे जात लावत नाहीत. 1929 च्या चेंगलपट्टू स्वाभिमान परिषदेत तसा ठरावच झाला. तरी एका बाईंनी विचारलंच, "राहता कुठे?" वस्तीचं नाव ऐकताच त्यांच्याकडच्या जागा भरल्या!

2021 मध्ये सरकारच्या 'इल्लम तेडी कल्वी' योजनेत स्वयंसेवक पहिली ते आठवीच्या मुलांना घराजवळच संध्याकाळी शिकवू लागले. तसाच वस्तीतला एक वर्ग आम्ही निवडला. तिथे मुलगी न घाबरता चुकते, पुन्हा विचारते.

माझी आई निरक्षर; मी अभ्यास करताना नुसती शेजारी बसायची. आपण तर पदवीधर. आठवड्यातली एक संध्याकाळ वस्तीतल्या मुलांशेजारी बसूया.