चालता धंदा आणि मापातलं पाप

(शिरूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी शिरूरचाच. इंजिनिअरिंग केलं, नंतर दहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी केली. पण आज तुम्ही मला बोलावलंय ते एका वजनकाट्यामुळे. न्हावरे ते चौफुला रस्त्यावर ट्रक-ट्रॅक्टर वजन करण्याचा एक जुना काटा आहे. ऊस, कांदा, गूळ, भंगार, रांजणगाव एमआयडीसीचा माल, सगळं त्यावरून जातं. तीन वर्षांपूर्वी मी तो विकत घेतला.

घरात पहिला प्रश्न आला, "नवीन काही सुरू कर ना, दुसऱ्याचं जुनं कशाला?" आपल्याकडे धंदा म्हणजे शून्यापासून उभा केलेला, असंच समजतात. नाहीतर वडिलांचा पुढे चालवलेला. तिसरी वाट कुणी सांगत नाही.

ही वाट नवी मात्र नाही. 1869 मध्ये जमशेटजी टाटांनी मुंबईत चिंचपोकळीला बुडालेली तेलाची गिरणी विकत घेतली आणि तिची कापडगिरणी केली. 1959 मध्ये मुंबईच्या खोराकीवाला घराण्याने वरळी केमिकल वर्क्स नावाची छोटी औषध कंपनी विकत घेतली. पुढे हबील खोराकीवाला यांनी तिची वोक्हार्ट केली. आणि कल्पना सरोज यांचं नाव तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं. अकोला जिल्ह्यातल्या दलित कुटुंबातली मुलगी, लहानपणी लग्न झालेली, शिवणकामापासून सुरुवात केलेली. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स कंपनी डबघाईला आली, तेव्हा 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती कामगारांच्या हाती गेली. तरीही कर्ज आणि कोर्टकज्जे सुटेनात. शेवटी कामगारच कल्पनाताईंकडे आले. त्यांनी बँकांशी बोलून दंड-व्याज कमी करून घेतलं, कामगारांची देणी दिली. 2006 मध्ये कंपनी त्यांच्याकडे आली. 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. चालता धंदा घेताना फक्त यंत्र आणि गिऱ्हाईक मिळत नाही, जुनी देणीही मिळतात. काही देणी कागदावर असतात, काही नसतात.

काट्याचे मालक दौंडला राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय सत्तरच्या आसपास, दोन्ही मुलं बाहेर नोकरीला, काट्यावर बसायला कुणी तयार नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. आपलं नाव ऐकून माणूस काय म्हणेल, हा विचार आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतो. अण्णांनी नाव विचारलं, चहा दिला आणि म्हणाले, "काटा चालवशील का विकून जागा मोकळी करशील, तेवढं सांग." म्हणजे माझी भीती वेगळी होती, त्यांची वेगळी.

त्यांनी 22 लाख सांगितले. "रोज साठ गाड्या, गाडीला 80 रुपये," असा हिशेब. मी जुन्या पावत्या मागितल्या. काट्याच्या पावतीवर अनुक्रमांक असतो. वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या पावतीतला फरक म्हणजे वर्षाच्या गाड्या. त्या निघाल्या साडेतेरा हजार. गाळप हंगामाच्या पाच महिन्यांत रोज साठ हे खरं होतं, पण बाकी सात महिने जेमतेम बावीस. वर्षाची जमा 11 लाखांच्याही किंचित खाली. दोन ऑपरेटरचा पगार, जागेचं भाडं, वीज, दुरुस्ती मिळून पाच लाखांवर खर्च. हातात राहतात पावणेसहा लाख. अण्णा खोटं बोलत नव्हते, त्यांना हंगामच आठवत होता. विकणाऱ्याला नेहमी हंगाम आठवतो. तुम्ही बाराही महिन्यांचे कागद बघा. 14 लाखांवर सौदा ठरला.

आता पैशाचं. पीएमईजीपीसारखी योजना नव्या उद्योगासाठी आहे, चालता धंदा विकत घ्यायला ती मिळत नाही. बँकेचं व्याज घरच्यांना नको होतं. मी अण्णांना विचारलं, "पाच लाख आज देतो, बाकी नऊ लाख दरमहा 25 हजारांनी छत्तीस महिन्यांत. चालेल?" त्यांना एकदम रक्कम घेऊन करायचं काय होतं? पेन्शनसारखे पैसे येणार म्हणून ते खुश. किंमत आधी ठरलेली, वर व्याज नाही. हे सगळं वकिलाकडून लिहून घेतलं. "अण्णांवर विश्वास नाही का?" असं घरात विचारलं गेलं. मी म्हटलं, कुरआनमधली सगळ्यात मोठी आयत कशाबद्दल आहे? सूरह बकराची 282वी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हेच ती सांगते. लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे.

कागदांचं थोडक्यात सांगतो, वहीत लिहून घ्या. एक, जागा भाड्याची असेल तर जागामालकाशी स्वतःच्या नावाने नवा करार करा आणि तो नोंदणीकृतच करा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. दोन, वीजबिल. जुन्या मालकाची थकबाकी नियमांत तरतूद असेल तर नव्या मालकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. तीन, जीएसटी. आमचा काटा वीस लाखांच्या आत, म्हणून नोंदणी नव्हती. पण जिथे आहे तिथे विक्रीपूर्वीच्या थकीत करासाठी विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात, कायद्याचं कलम 85. चार, परवाने. खाद्यपदार्थांचा परवाना विकत घेणाऱ्याच्या नावावर होत नाही, नवा काढावा लागतो. वजनकाट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी लागते.

हे सगळं मी केलं. आणि तरीही फसलो.

तिसऱ्या महिन्यात मी जुना डेटा संगणकावर चाळत होतो. सवयच ती. एका व्यापाऱ्याच्या टेम्पोचं रिकामं वजन दिवसा 2,940 किलो, रात्री 3,180. टेम्पो तोच. रिकाम्या गाडीचं वजन हाताने टाकायची सोय त्या यंत्रात होती. रिकामं वजन 240 किलोने वाढवलं की मालाचं वजन तेवढंच घटतं. शेतकऱ्याच्या जवळजवळ पाच गोण्या कांदा एका खेपेला गायब. मापात पाप म्हणतात ते हे. आणि आता ते माझ्या काट्यावर होतं.

रात्रपाळीच्या मामांना विचारलं. चौदा वर्षं तिथे काम केलेला माणूस. खाली बघून म्हणाले, "खेपेला दोनशे मिळायचे, भाऊ. बारा हजारात भागत नाही." मी दौंडला गेलो. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. मी बघितलं नाही." त्यांनी दोन हप्ते सोडले. मी नाही म्हटलं नाही.

मामांना काढावं की ठेवावं, यावर आठवडा गेला. ठेवलं. पगार दोघांचाही पंधरा हजार केला, हाताने वजन टाकायची सोय बंद केली आणि बाहेरच्या बाजूला मोठ्या आकड्यांचा डिस्प्ले लावला, म्हणजे ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याला वजन स्वतः वाचता येतं. तो व्यापारी दुसऱ्या काट्यावर गेला. त्याच्याबरोबर आणखी दोघे गेले. पहिलं वर्ष तंगीत काढलं, नोकरी सोडली नव्हती म्हणून निभावलं. दुसऱ्या हंगामात शेतकरी आपणहून व्यापाऱ्याला सांगू लागले, "वजन त्या काट्यावर करू." गेलेला धंदा पूर्ण परत आलाय असं नाही, पण काटा स्वतःच्या पायावर उभा आहे. अण्णांचे हप्ते फिटले.

एक देणं मात्र फिटलेलं नाही. ज्या शेतकऱ्यांचा कांदा मारला गेला, त्यात माझ्या मालकीचे तीन महिनेही होते. त्या पावत्यांवर गाडीचा नंबर आहे, शेतकऱ्याचं नाव नाही. कुणाला परत देऊ? ओळख पटली त्या चौघांना दिले. बाकीच्यांचं ओझं आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. आपल्या शिरूर-दौंडमध्ये आजूबाजूला बघा. पिठाची गिरणी, छापखाना, फॅब्रिकेशनचं शेड, बेकरी. मालक थकलेत, मुलं पुण्याला गेलीत. हे धंदे बंद पडण्यापेक्षा तुमच्या हातात यावेत. जाऊन विचारा, नाव सांगायला लाजू नका. पण घेण्याआधी पावत्या जशा तपासाल, तसंच एक रात्र तिथे बसून बघा. कमाई कुठून येते ते रात्री कळतं. मी बसलो नव्हतो.