दुसऱ्या महायुद्धातील मराठा पलटणी
(माहूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



श्रीरेणुकामातेच्या या पुण्यक्षेत्री पराक्रमाची गोष्ट निघाली की वक्ते गडकोटांकडे वळतात. ते यथायोग्यच होय. तथापि आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात घडलेला पराक्रम मुलांच्या कानी क्वचितच पडतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धातील मराठा पलटणींचा वृत्तांत आम्ही आज संक्षेपाने निवेदन करणार आहोत.

या सैन्याचे मूळ १७६८ साली मुंबईत उभारलेल्या पलटणीपर्यंत पोचते. १९२२ च्या पुनर्रचनेत सहा जुन्या पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री सिद्ध झाली. तिचे ठाणे बेळगावला होते व आजही आहे. युद्धकाळात, १९४१ साली, त्याच बेळगावात महार रेजिमेंटही उभी राहिली. रणांगणावर गोळी कोणाची जात विचारीत नाही, हे आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेषेकरून ध्यानी ठेवावे.

१९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियातील केरेनच्या उघड्या डोंगरांवर इटालियन फौज ठाण मांडून बसली होती. तेथील लढाईत तिसरी मराठा पलटण होती. २७ मार्चला केरेन पडले. तीन वर्षांनी, १९४४ च्या मार्चमध्ये, मणिपुरातील सांगशाक येथे चौथी पलटण छत्रीधारी ब्रिगेडच्या सोबतीस होती. पाण्याचे दुर्भिक्ष, भोवती जपानी सैन्याचा वेढा. तरीही दिवसामागून दिवस ठाणे लढविले गेले. अखेर ते सोडावे लागले, परंतु शत्रूचे कोहिमाकडे जाणे त्यामुळे लांबले. माघारही कधी कधी विजयाची वाट मोकळी करते, ती अशी.

आता इटलीकडे वळू. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते एकटे वगळता सर्व सोबती ठार वा जखमी झाले. घाडगे तसेच पुढे धावले, हातबॉम्बने ती तोफ निकामी केली, एकास गोळीने टिपले. काडतुसांचे घर बदलण्यास उसंत नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी लोळविले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच पडले. माणगाव तालुक्यातील पळसगावच्या या सुपुत्राचे वय अवघे बावीस होते.

९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचविले. मग परत फिरून मशीनगनची तीन ठाणी नष्ट केली आणि बांधावर उभे राहून रणघोषणा देत इतरांना पुढे बोलाविले. आधी जखमींना वाचविले, मग शत्रूवर चाल केली. हा क्रम आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांना तो मरणोत्तर.

हे लोक परक्या राजाचे चाकर होते, असा आक्षेप काही तरुण घेतात. त्या सैन्यात सुमारे पंचवीस लक्ष भारतीय स्वखुषीने भरती झाले होते. कोणी पोटासाठी गेला, कोणी घराण्याच्या रीतीने. आपला मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथील लोक निराळाच लढा लढत होते. दोन्ही त्याग एकाच तागडीत घालून तोलू नयेत. पण एकाचा मान राखण्यासाठी दुसऱ्याचा अवमान करण्याचेही कारण नाही. त्याच रेजिमेंटच्या पलटणी १९४७-४८ मध्ये काश्मीरच्या रक्षणास उभ्या राहिल्या, हे विसरू नये.

सत्त्याऐंशी हजारांहून अधिक भारतीय सैनिक त्या महायुद्धात कामी आले. पदक थोड्यांनाच मिळाले. बाकीच्यांची नावे घरच्या पेटीतील एखाद्या कागदावर उरली असतील. आमची प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे की, आपल्या घरातील वा गावातील सैनिकाचे नाव, पलटण आणि साल लिहून मंडळाच्या स्वाधीन करावे. त्याच्यामागे शेत व संसार सांभाळणाऱ्या माउलीचे नावही सोबत असावे. पुढील अंकात ही यादी छापली गेली, तर आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही मानू.