चौघांत जाब कुणाला?

कोल्हापूरशेजारच्या आमच्या गडमुडशिंगीत सरपंच अख्ख्या गावाच्या मतावर निवडून येतो. थेट निवडीची ही पद्धत २०१७ साली आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. तिच्यावर वाद पुष्कळ आहेत. पण नळाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं, हे गावात कुणाला विचारावं लागत नाही.

आता कोल्हापूर शहराकडं बघा. २०१५ च्या महापालिकेला एका प्रभागाचा एक नगरसेवक होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं ते मात्र ८१ जागांसाठी, आणि प्रभाग फक्त २०. एकोणीस प्रभागांत चार-चार, एकात पाच. अ, ब, क, ड अशी वेगवेगळी मतं दिलीत, पण निवडून आलेले चौघंही सगळ्या प्रभागाचे. गटार एकच, धनी चार. मग जाब कुणाला विचारायचा?

चार भावांच्या सामाईक विहिरीवरची मोटार आठवा. पाण्याची पाळी कुणी चुकवत नाही. मोटार जळली की थोरला म्हणतो, काल धाकट्यानं चालवली होती. धाकटा म्हणतो, मी बंद करून आलो होतो. मधले दोघं गप्प. तोवर ऊस वाळतो. म्हणून जाणती माणसं पाळी ठरवतानाच दुरुस्ती कुणी बघायची तेही ठरवून ठेवतात. पाळीबरोबर दुरुस्ती! तुम्ही मतं दिलीत, दुरुस्तीचं ठरवलंत का?

काहीजण म्हणतात, एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याकडं जाता येतं. खरं आहे. पण चौघांनीही एकमेकांकडं बोट दाखवलं तर? आणखी एक अडचण आहे. अमेरिकेतल्या काही शहरांत प्रभागच नसतात, सगळं शहर सगळ्या जागांसाठी मत देतं. तिथं एकच गट सगळ्या जागा नेतो, आमच्या वस्तीचं कुणीच नाही, म्हणून लोक कोर्टात गेले. आपल्याकडं आरक्षणामुळं तेवढं होत नाही, पण आपल्या गल्लीचं कोण, हा प्रश्न तोच.

म्हणून सांगतो. चौघांना एकत्र बोलवा. तालमीत बोलवा, देवळात बोलवा. पाणी कोण बघणार, कचरा कोण, दिवाबत्ती कोण, हे सगळ्यांसमोर ठरवून घ्या आणि नावानिशी फलकावर लिहा. फोन नंबरासकट.

शहराच्या हद्दवाढीच्या यादीत आमच्या गावाचंही नाव येत असतं, त्यामुळं ही काळजी आमचीही आहे. तेवढी चौघांची बैठक लावा. आणि पहिल्यांदा पाण्याचं विचारा.